उन्हाची बाजू

लाइनमनकाकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्या अंगातला लाइनमन काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. रस्त्याने जाताना लोक दुकानं बघतात, पाट्या बघतात, निदान खड्डे तरी बघतात. काका खांब बघायचे. "ही तार सैल बांधलीय," असं पुटपुटत मान वर करून चालायचे आणि मग व्हायचं तेच व्हायचं, पाय खड्ड्यात. चौतीस वर्षं या भागाला आपण वीज पुरवली असं ते सांगत. वीज कंपनीचं म्हणणं थोडं वेगळं असेल, पण तिला कोण विचारतंय?

म्हणून त्यांच्या धाकटीने घरच्या छतावरच वीज तयार करायचं काढलं, तेव्हा त्यांना ते जरा लागलंच. थोरला मुलगा दूर कुठेतरी कचेरीत चिकटला होता, त्याचं काही नव्हतं. धाकटी मात्र बापाच्या वाटेने आली, तारा आणि पक्कड यांच्यातच रमली, आणि मग बापाचीच वाट सोडून निघाली. चांगली पगाराची नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं: घरांवर सौर पॅनल बसवायचे, घरात बॅटरी बसवायची, आणि दारातली विजेची गाडी त्यावर चार्ज करून द्यायची. पहिलं घर अर्थातच स्वतःचं. वर्षभर खपून तिने छतावर दहा पॅनल लावले, जिन्याखालच्या भिंतीवर कपाटाएवढी बॅटरी टांगली, शेजारी इन्व्हर्टर, आणि पोर्चमध्ये गाडीच्या चार्जरचा पांढरा खोका. गाडी जुनीच घेतलेली, एका दाराला पोचा आलेला. पण ती उन्हावर पळायची, आणि धाकटी तिला धुवायची ती एखाद्या तान्ह्या बाळासारखी.

काकांनी नाक मुरडायचं तेवढं मुरडून घेतलं. मग हळूहळू ते शिडी धरायला लागले. मग स्क्रू हातात द्यायला. मग एक दिवस काकूंनी त्यांना जिन्याखाली स्टूल टाकून बॅटरीच्या पडद्यावरचे आकडे वाचत बसलेलं पाहिलं आणि काय समजायचं ते त्या समजल्या.

आता सगळं घोडं अडलं होतं ते तपासणीवर. सरकारी विद्युत निरीक्षक येणार, घरची सगळी यंत्रणा तासभर चालवून बघणार, आणि सही केली तरच धाकटीला दुसऱ्यांच्या घरी असं काम करायचा परवाना मिळणार. गल्लीतली अकरा घरं थांबली होती. सही झाली तर ती अकरा घरं धाकटीची. नाही झाली तर पुढची तारीख चार महिन्यांनी, आणि तोवर कोण थांबतंय? एका बड्या ठेकेदाराचा माणूस गल्लीत दोन फेऱ्या मारूनही गेला होता. नोकरी सोडलेली, वर्ष गेलेलं, आणि हाती काहीच नाही, अशी गत झाली असती.

येणारा निरीक्षक कोण, हे कळल्यावर काकांची कळी खुलली. "अगं, हा तर आपला लंबू! माझ्याच टोळीत शिकला. पहिल्यांदा खांबावर चढला तेव्हा वरून उतरेचना, मी चढून खाली आणला त्याला. एक फोन केला ना—"

"बाबा, ओळख काढायची नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, ओळख कसली? नुसतं विचारायचं, बाबा रे कसा आहेस—"

"काहीही विचारायचं नाही. काम चांगलं असेल तर पास होईल. नसेल तर नापास व्हायलाच पाहिजे. दुसऱ्यांच्या घरात बसवणारे मी ते."

काकांनी हातातला फोन खाली ठेवला. पण तो ठेवतानाही त्यांना बरं वाटलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

तपासणीच्या दिवशी काका पहाटेच उठले. निरीक्षक बारा वाजता येणार होता. धाकटी गाडी घेऊन अर्थिंग मोजायचं मीटर आणायला गेली होती, एका ओळखीच्या कंत्राटदाराकडून, शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरात करण्यासारखं काकांना काही उरलंच नव्हतं, आणि रिकामा लाइनमन म्हणजे घराला ताप. ते बादली आणि फडकं घेऊन छतावर गेले. पॅनलवर चार दिवसांची धूळ होती. साहेब वर येणार आणि काचा अशा कळकट? छे!

आता पाण्याचं काम आणि विजेचं सामान. काकांनी आधी जिन्याच्या दारापाशी असलेल्या पेटीतला स्विच खाली ओढला, त्यामुळे पॅनलची वीज खाली घरात जायची बंद झाली. मग पेटीच्या कडीला त्यांनी आपलं लाल कुलूप घातलं. ही त्यांची चौतीस वर्षांची रीत. जो लाइन बंद करतो, त्याने स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, आणि ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचं नाही. मग भले वरून मोठा साहेब येऊ दे. या एका रीतीमुळे त्यांच्या टोळीतला प्रत्येक माणूस दोन हात, दोन पाय घेऊन घरी गेला होता. किल्ली त्यांनी खिशात टाकली आणि पॅनल असे घासले की त्यात तोंड बघून दाढी करावी.

खाली आले तेव्हा कमरेपर्यंत भिजले होते.

"अहो, हे काय ध्यान!" काकू ओरडल्या. "साहेब यायचेत आणि तुम्ही असे? ती पँट टाका आधी धुवायला. इस्त्रीची काढून ठेवलीय पलंगावर."

काकांनी मुकाट्याने पँट बदलली. टोळीत असते तर खाली उतरल्या उतरल्या वहीत नोंद झाली असती: अमुक लाइन बंद, कुलूप अमक्याचं. घरात वही नव्हती. काकांना इस्त्रीच्या पँटची घडी मोडू नये म्हणून बसावं की उभं राहावं याची चिंता लागली, आणि कुलूप डोक्यातून पार निघून गेलं.

धाकटी सव्वा अकराला परतली. गाडी चार्जरला लावते न लावते तोच फाटकापाशी सरकारी जीप थांबली. साहेब पाऊण तास आधीच आले होते. आता ते लंबू राहिले नव्हते. उंची तेवढीच होती, पण पोट पुढे आलं होतं, चष्मा लागला होता, आणि हातात फायलीची जाड पिशवी होती. काकांना बघून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "उस्ताद!" म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला. मग उभे राहिले आणि पुन्हा निरीक्षक झाले.

"मॅडम, नियम सांगतो," ते धाकटीला म्हणाले. "बाहेरची वीज मी मीटरपाशी बंद करणार. तिथून एक तास घर तुमच्या यंत्रणेवर चालणार. घरातली उपकरणं चालू, गाडी चार्जिंगला. या तासात कोणी कशालाही हात लावायचा नाही. लावला तर परीक्षा तिथेच रद्द, पुढची तारीख. मान्य?"

"मान्य, सर."

मीटरचा स्विच खाली आला. घरातला पंखा जरासुद्धा अडखळला नाही. काकूंना आज सगळं एकदम चालू करायची परवानगी होती. आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती, म्हणून तास सुरू व्हायच्या आधीच त्यांनी कपडे धुवायचं यंत्र लावलं होतं, इस्त्री तापवली होती, टीव्ही लावला होता, सगळे पंखे सोडले होते, आणि आता त्या समाधानाने चादरींना इस्त्री करत उभ्या होत्या. पोर्चमध्ये गाडीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. काका जिन्याखाली खुर्ची घेऊन बसले होते आणि अंगावर मूठभर मांस चढलंय असं त्यांना वाटत होतं.

साहेबांनी इन्व्हर्टरचा पडदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"मॅडम, पॅनलवरून शून्य येतंय."

धाकटी पुढे झाली. बॅटरी अठ्ठावन्न टक्के. बाहेर लख्ख ऊन, आभाळात औषधालाही ढग नाही, आणि पॅनलच्या रकान्यात शून्य. बॅटरी एव्हाना भरत यायला हवी होती. ती रात्री घर चालवून जेवढी उरली होती तेवढीच होती. धाकटीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिच्या कपाळावरची शीर काकांना दिसली. लहानपणी ताप चढायचा तेव्हा दिसायची तशी.

"एवढ्या उन्हात पॅनल मेले म्हणजे जोडणी कच्ची असणार," साहेब म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले.

काकांचा हात आपसूक खिशाकडे गेला. खिसा रिकामा. इस्त्रीचा. आणि मग त्यांना आठवलं.

ते उठले, कोणाचं लक्ष नाही असं बघून मोरीकडे गेले, भिजलेली पँट उपसली. नशीब, ती अजून यंत्रात गेली नव्हती. किल्ली मिळाली. जिना दहा पावलांवर होता. गुपचूप वर जायचं, कुलूप काढायचं, स्विच वर करायचा. पॅनल चालू. ढगबिग आला असेल म्हणायचं. कोणाला कळणार होतं? पोरीचं वर्ष वाचेल, अकरा घरं वाचतील, आणि स्वतःचं नाकही. काकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

पण आपण सांगितलं नाही तर? मग कच्ची जोडणी तिच्या नावावर. आपण गुपचूप चालू केलं आणि उघडकीला आलं तर? मग लबाडी तिच्या नावावर. दोन्हीकडून तिचंच मरण. पायरीवरचा पाय काकांनी मागे घेतला. या वयात त्यांना एवढं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं.

ते परत आले आणि साहेबांसमोर तळहात उघडून उभे राहिले.

"साहेब, जोडणी कच्ची नाही. कुलूप माझं आहे. सकाळी पॅनल धुवायला गेलो, स्विच पाडला, कुलूप घातलं आणि विसरलो. तिला यातलं काही माहीत नाही. तुम्ही म्हणाल तर उघडतो, पण मग तुमची परीक्षा मोडते. काय करायचं ते सांगा."

खोलीत फक्त कपडे धुवायचं यंत्र घुर्र घुर्र करत होतं. काकूंच्या हातातली इस्त्री चादरीच्या वरच थांबली.

साहेब काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "नको उघडायला."

"अगं, पण—"

"बाबा, बसा. सर, चालू दे परीक्षा. असं समजा, दिवसभर अंधारून आलंय, पॅनलवरून काहीच येत नाही, आणि वीजही गेलीय. असं खऱ्या घरात होणारच ना कधीतरी? तेव्हा ही यंत्रणा काय करते, ते बघूनच ठरवा."

साहेबांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा बघितला. "बॅटरी संपली तर घर अंधारात जाईल. तसं झालं तर मी सही करणार नाही."

"माहितीये, सर."

काका बसले. खुर्ची तीच होती, पण आता तिच्यात त्यांना काटे लागले होते. बॅटरीचा आकडा त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिला. सत्तावन्न. पंचावन्न. बावन्न. गाडी एकीकडून ओढतेय, घर दुसरीकडून. मनातल्या मनात त्यांनी हिशोब मांडला आणि घामच फुटला: या वेगाने तास काही निभत नव्हता. काकूंनी आवाज न करता इस्त्री बंद करायला हात नेला.

"आई! हात नाही लावायचा," धाकटी म्हणाली. काकूंनी जीभ चावली आणि बिचाऱ्या आधीच इस्त्री झालेल्या चादरीवर पुन्हा इस्त्री फिरवायला लागल्या.

पंचेचाळीसला आकडा आला आणि पोर्चमधून टक असा आवाज आला. साहेब दाराशी गेले. गाडीचा दिवा अजून हिरवाच होता, पण चार्जरवरचा आकडा निम्म्याहून खाली आला होता. कोणी काही केलं नव्हतं.

"गाडी हळू केली तिने," धाकटी म्हणाली. यंत्रणेबद्दल ती नेहमी अशीच बोलायची, घरातल्या कोणाबद्दल तरी बोलावं तशी. "आता घर आधी, गाडी मग."

बॅटरी आता सावकाश उतरत होती. चाळीस. छत्तीस. काकांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. तिसाला चाळीस मिनिटं होत आली होती, आणि पुन्हा टक झालं. यावेळी गाडीचा दिवा विझला. पंखे फिरत होते. फ्रीज गुणगुणत होता. टीव्हीवर कोणीतरी मोठमोठ्याने हवामान सांगत होतं.

"गाडी सोडली," साहेब हळूच म्हणाले.

"तीस टक्के घराचे. गाडीला त्याला हात लावता येत नाही. उद्या ऊन आलं की आधी घराची बॅटरी भरते, मग गाडी. घरात कोणी आजारी असेल, मशीनवर असेल, तर तीसचे पन्नास करून देते मी. विचारूनच लावते प्रत्येक घरात."

साहेबांनी फक्त हूं केलं. पण काकांनी त्यांना ओळखलं होतं. लंबूला एखादी गोष्ट आवडली की तो हूंच करायचा.

तास संपला तेव्हा बॅटरी तेवीसवर होती आणि घरातला एकही दिवा मिणमिणला नव्हता. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांना उठून पोरीला मिठीत घ्यावंसं वाटलं, पण साहेब होते, म्हणून त्यांनी नुसतीच खुर्ची सरकवली.

"एक राहिलं," साहेब म्हणाले. "छतावरच्या पेटीतली जोडणी आतून बघायचीय. चला."

तिघेही वर गेले. उन्हाने डोळे दिपत होते. पॅनल काय चमकत होते! साहेबसुद्धा "वा" म्हणाले, आणि सकाळपासूनच्या सगळ्या फजितीत काकांना तेवढाच दिलासा मिळाला. त्यांनी किल्ली काढली, कुलूप काढलं, पेटीचं झाकण उघडलं. स्विच खालीच होता. आत तारा अशा बसल्या होत्या, एकीला एक लागून, सरळ, प्रत्येकीवर तिचा क्रमांक. चौतीस वर्षांत काकांनी अशी देखणी जोडणी चार-दोन वेळाच पाहिली असेल. त्यांचा ऊर भरून आला.

"बघा लंबूसाहेब," ते विसरून म्हणून गेले, "कच्ची म्हणत होता ना? ही बघा कशी घट्ट बसवलीय—" आणि तार हलवून दाखवायला त्यांनी बोट पुढे केलं.

"हात मागे!"

काय आवाज होता तो! समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. काकांचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. गंमत म्हणजे साहेबांचाही आला, आणि त्यांचा हात तर पुढे गेलाच नव्हता.

धाकटी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे पेटले होते. "स्विच बंद आहे म्हणून लाइन मेली असं वाटलं ना? ही खांबावरची लाइन नाही, बाबा. खालची बाजू मेलीय. वरची पॅनलकडून येते. ऊन आहे तोवर ती जिवंत असते, कोणीही कितीही कुलपं लावा. मोजल्याशिवाय बोट घालायचं नाही. कोणीच नाही. तुम्हीसुद्धा नाही!"

तिने खिशातून व्होल्ट मोजायचं मीटर काढलं, त्याच्या दोन सुया वरच्या बाजूला टेकवल्या आणि पडदा बापासमोर धरला. तीनशे एक्क्याऐंशी व्होल्ट.

काकांनी तो आकडा वाचला. मग ते कठड्यावर टेकले. चौतीस वर्षांची सवय त्यांना आज इथे, स्वतःच्या घराच्या छतावर, स्वतःच्या कुलपाच्या भरवशावर खाऊन टाकणार होती. भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण भीतीच्या आतून दुसरंच काहीतरी वर आलं आणि त्यांना हसू आवरेना. हा आवाज त्यांचा होता. या आवाजाने त्यांनी चौतीस वर्षं पोरांचे हात मागे खेचले होते. तो त्यांनी हिला कधी शिकवला नव्हता. तिने तो स्वतःचा स्वतः काढला होता, आणि त्यांच्यावरच काढला होता.

"हसताय काय?" धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज थोडा ओला झाला होता.

"काही नाही. बरोबर आहे तुझं. चुकलो मी."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. फाइल कठड्यावर ठेवून तिथेच, भर उन्हात, त्यांनी एकेक रकाना भरला आणि खाली सही ठोकली. कागद धाकटीच्या हातात देताना म्हणाले, "मॅडम, यंत्रणा मी खालीच पास केली होती. पण परवाना माणसाला देतात. तो आत्ता दिला." मग काकांकडे वळून ते म्हणाले, "उस्ताद, अठ्ठावीस वर्षं झाली. अजून माझा हात आपोआप मागे येतो, बघितलंत ना?"

संध्याकाळी काका फाटकापाशी उभे होते. मुद्दामच उभे होते, हे सांगायला नको. गल्लीतला जो कोणी जाईल त्याला थांबवून ते सांगत होते. परवान्याचं नव्हे, ते तर दोन वाक्यांत उरकायचे. "मला ओरडली!" हे मात्र साग्रसंगीत. कसा हात पुढे गेला, कशी कबुतरं उडाली, आकडा काय होता. "साहेबांच्या देखत ओरडली, सांगतो काय! मला!"

"अहो, लोक वरमतात, आणि तुम्ही बोलणी खाल्लीत ते सांगत काय सुटलाय?" आतून काकू म्हणाल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या शिक्षिकाबाई आल्या. त्यांच्या घरी दोन लहान मुलं होती आणि या विजेचं त्यांना भय वाटायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जरा घुटमळल्या, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, आमच्याकडे काम सुरू होईल तेव्हा तुम्ही असाल ना तिथे? मुलगी हुशार आहे हो तुमची, पण तुमचं लक्ष असलं की आम्हाला धीर."

कालपर्यंत काकांना हा प्रश्न फार आवडला असता. त्यांनी वर पाहिलं. छतावर धाकटी पेटीचं झाकण लावत होती. आधी मीटर, मग हात.

"असेन की," ते म्हणाले. "शिडी धरायला असेन. पण लक्ष माझं नाही हो बाई. लक्ष तिचं असतं. आज तिचं होतं, म्हणून मी तुमच्याशी बोलतोय."